सर्जेराव मगदुमाची मूठ

“पण एकदा हातात घेऊन बघायला तुमची हरकत काय आहे, काका?”

सर्जेराव मगदूम हे तिसऱ्यांदा विचारत होता. लवू तांडेल पडवीत जाळं सांधत बसले होते. त्यांनी त्याच्या हातातल्या, पाण्याखाली मासे मारायच्या बंदुकीकडे पाहिलं, तिच्या मुठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली.

“बघितलंय,” ते म्हणाले.

“नुसतं बघून मूठ कळत नाही.”

“ता खरा.”

आणि परत सुई.

सर्जेराव घाटावरचा. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन इथल्या आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकवायला आला, तो विहिरीत पोहून कमावलेली छाती घेऊनच. समुद्राने पहिल्याच रविवारी त्याला वाळूवर पालथा टाकला. त्याला उचलून, पाठ दाबून, पोटातलं पाणी काढणारे तांडेल होते. तेव्हापासून हा त्यांचा झाला. त्यांनी त्याला श्वास धरायला शिकवलं, पाण्याखाली कान मोकळे करायला शिकवलं, कपारीच्या सावलीत मासा कसा उभा असतो ते दाखवलं.

फक्त बाहेरच्या खडकावर कधी नेलं नाही.

तो खडक किनाऱ्यापासून दीड मैलावर, पाण्याखाली. त्याच्या बिळांत मोठे गोब्रे मासे राहतात. तिथे तांडेल एकटेच उतरत. सत्तरी उलटली, उजव्या कानातून दोनदा रक्त आलं, डॉक्टरांनी बुडी मारायला साफ मनाई केली, तरी उतरत.

सर्जेरावाला त्या खडकावर त्यांच्याबरोबर उतरायचं होतं. या वर्षी नाही तर कधीच नाही, हे त्याला दिसत होतं. विचारलं तेव्हा तांडेलांनी एकच अट सांगितली होती. बंदूक तुझी तू कर. मी फक्त मूठ बघेन.

त्याने केली. सागवानाचा दांडा, स्टेनलेसची सळई, ताणून सोडायला रबराच्या दोन पट्ट्या. सळईला दोरी, दोरीचं दुसरं टोक बंदुकीला. म्हणजे मासा लागला की माणसाच्या हातात येतो. एवढं तीन आठवड्यांत झालं. मुठीला मात्र अकरा आठवडे गेले. त्याने खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीचा गोळा मुठीत आवळून, ती कडक होईपर्यंत पाऊण तास हात हलवला नाही. मग त्या ठशावरून फणसाच्या लाकडात चार बोटांच्या चार खाचा कोरल्या. अंगठा आरपार जाईल असं भोक पाडलं. करंगळीची खाच अडीच मिलिमीटर उथळ झाली म्हणून आख्खी मूठ टाकून नवी केली. सगळं वहीत तारीखवार लिहिलेलं होतं.

हे सारं त्याने आज पुन्हा सांगितलं. शेवटी हेही सांगितलं की, मूठ हातात धरून त्याने बंदुकीला वीस किलोचं वजन लटकवलं होतं. विद्यार्थ्यांसमोर. हात सुटला नाही.

आतून सत्यभामाकाकी म्हणाली की, एवढ्या वेळात मुलगी बघून, पसंत करून, चहासुद्धा झाला असता.

तांडेल हसले. जाळं बाजूला ठेवून उठले.

“चल, झिला. व्हाळाच्या तोंडाशी जाऊया.”

* * *

ओहोटी होती. व्हाळाचं गोडं पाणी समुद्राला मिळतं तिथे खडकांच्या मध्ये छातीएवढं शांत पाणी राहतं. तांडेलांनी सळई काढून वाळूत ठेवली आणि बंदुकीच्या दोरीला आपला दोर बांधला.

सर्जेरावाने पाण्यात उतरून, डोकं बुडवून, मूठ धरून राहायचं. तांडेल पलीकडच्या खडकावरून दोर ओढतील. ओढ लागली की सोडायचं. बाकी काही नाही.

“एवढंच?”

“तेवढाच.”

सर्जेरावाला थोडं वाईट वाटलं. अकरा आठवड्यांनंतर ही परीक्षा. त्याने पाण्यातला चष्मा चढवला, श्वास भरला आणि खाली गेला. मूठ हातात अशी बसली जशी हातातूनच उगवली असावी. त्याला तिचा अभिमान वाटला.

ओढ आली.

ती म्हाताऱ्याच्या हाताची वाटली नाही. बंदूक पुढे गेली आणि सर्जेराव तिच्यामागे गेला. गुडघा कपारीला घासला. सोड, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. बोटं उघडली. पण अंगठा भोकात पिळला गेला होता, आणि ओढ जितकी जास्त, तितका तो अडकत होता. त्याने दुसऱ्या हाताने अंगठा उपसून काढायला पाहिलं. नाकातोंडात पाणी गेलं…

मग दोर ढिला पडला. बगलेत एक हात शिरला आणि तो वर आला.

तो बराच वेळ खोकत राहिला. तांडेल त्याची पाठ चोळत उभे होते, सहा वर्षांपूर्वी चोळली होती तशी.

“सोडलंस कित्या नाय?”

“सोडली होती मी.”

तांडेलांनी मुठीकडे बोट दाखवलं.

“म्हणजे… मी सोडली होती. हिने मला सोडलं नाही.”

दोघे खडकावर बसले. अंगठ्याच्या मुळाशी लाल वळ उठला होता. तांडेलांनी तो पाहिला, त्यावर खारं पाणी ओतलं, आणि मग सावकाश सांगितलं की, गोब्रा लागला की पळत नाही. तो आपल्या बिळात शिरतो, कल्ले फुगवतो आणि आतून दगडासारखा घट्ट बसतो. दोरी आवळते. वर उजेड दिसत असतो, आणि माणसाला वाटतं, आणखी एकदा ओढू, येईल… हे त्यांनी एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं. नाव घेतलं नाही.

“मग मूठ कशी पाहिजे, काका?”

तांडेलांनी हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं.

धरलं आहे हे कळत होतं. आवळलेलं कुठे कळत नव्हतं. सर्जेरावाने हात ओढला, सुटला नाही. जोर लावून ओढला, सुटला नाही. तो पुन्हा जोर लावणार, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की मनगट मोकळं आहे. किती वेळ झाला, कोण जाणे. म्हाताऱ्याचा हात केव्हाच त्याच्या स्वतःच्या मांडीवर जाऊन पडला होता.

लाटा येत होत्या, जात होत्या.

सर्जेरावाने पिशवीतून कानस काढली. ती अंगठ्याच्या भोकाच्या कडेवर टेकवली. तांडेल दुसरीकडे, समुद्राकडे पाहू लागले. मग अंगठ्याच्या भोकाची बाहेरची भिंत गेली. करंगळीची खाच गेली, जिच्या अडीच मिलिमीटरसाठी आधीची मूठ टाकली होती तीच. उरलेल्या तिन्ही खाचा त्याने घासून घासून एवढ्या उथळ केल्या की मुठीत हात कसाही ठेवला तरी चालावं. ओल्या वाळूवर फणसाचा पिवळा भुसा पडला. मूठ आता ओबडधोबड दिसत होती. एखाद्या विद्यार्थ्याने आणून दाखवली असती तर त्याने परत पाठवली असती.

तो पुन्हा पाण्यात उतरला.

ओढ आली आणि बंदूक गेली. सर्जेराव होता तिथेच उभा होता. त्याने पाण्याखाली आपला रिकामा हात पाहिला. पाचही बोटं पसरलेली होती. तो वर आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं, आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं की एवढ्या मेहनतीची वस्तू हातातून गेल्यावर माणूस हसतो कशाला.

तांडेलांनी दोर गुंडाळत बंदूक जवळ घेतली. आता त्यांनी मूठ हातात धरली. धरली, सोडली. धरली, सोडली.

“उद्या पयल्या भरतेक निघूया,” ते म्हणाले. “बाहेरच्या खडकार.”

सर्जेराव त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने भराभर बोलायला सुरुवात केली. कोणी आधी उतरायचं, कोणी मागून, दोघांनी खूण कशी करायची, काकांची बंदूक तो आज रात्रीच साफ करून ठेवील. तांडेल ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी डोकं उजवीकडे कलवलं आणि कानातलं पाणी झटकलं.

“माझी बंदूक ऱ्हवांदे घराक.”

“म्हणजे?”

“तू उतर. मी होडयेत बसान. दोर माझ्या हातात.”

“आणि तुम्ही… पाण्यात नाही?”

तांडेल बाहेरच्या खडकाच्या दिशेला बघत होते. तिथे पाण्याचा रंग जरा काळपट दिसतो, इतकंच.

“बघतंय,” ते म्हणाले, “माका सोडूक जमता काय.”