पूजेचं यंत्र

एका शहरात नाकं सरळ करून देणारा एक डॉक्टर होता. सकाळी वाकडं नाक घेऊन यायचं, संध्याकाळी सरळ नाक घेऊन घरी जायचं. दवाखाना असा चकचकीत, की लोक चपला बाहेर काढूनही पाय पुसत.

तिथल्या मुख्य सिस्टर म्हणजे शालनबाई. त्यांच्या ताब्यात एक महागडं यंत्र होतं. पेशंटचं हृदय बंद पडलं तर विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू करायचं, एवढंच त्याचं काम. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलं जाई, झेंडूची माळ चढे. रोज सकाळी ते चालवून बघायचं आणि वहीत सही करायची, असा नियम होता.

यंदा दसऱ्यानंतर चारच दिवसांनी यंत्र चालेना. बॅटरी गेली होती. शालनबाईंनी लगेच डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर हसले.

"अहो सिस्टर, आपल्याकडे आजारी माणूस येतो कुठे? सगळी धडधाकट येतात. बघू दिवाळीनंतर."

दिवाळी झाली. बॅटरी आली नाही, बाहेरच्या खोलीत मोठा आरसा मात्र आला. शालनबाईंनी पुन्हा विषय काढला नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? त्या रोज यंत्र पुसत आणि मुकाट्याने सही करत.

एके दिवशी केतकी नावाची मुलगी आईबरोबर आली. बालवाडीत शिकवायची. नाकावरून दोन स्थळांनी नकार दिला होता. खरं तर पोरगी दिसायला चांगली होती, पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आत जाताना तिने शालनबाईंचा हात धरला.

"सिस्टर, काही झालंच तर इथे सगळी सोय आहे ना?"

खरं उत्तर शालनबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण दारात डॉक्टर उभे होते.

"हो गं बाळा, सगळी आहे," त्या म्हणाल्या.

नाक सुरेख झालं. दुपारी भूल उतरता उतरता केतकीचं हृदय थांबलं. शालनबाई यंत्राकडे धावल्या. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग हातांनी छाती दाबत राहिल्या. मोठ्या रुग्णालयातून गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी केतकीची आई दवाखान्यात आली. डॉक्टरांनी वही पुढे केली.

"बघा, आमच्याकडे रोज तपासणी होते. कालचीही सही आहे. तुमचं नशीब, दुसरं काय?"

आता मात्र शालनबाईंना राहवेना.

"ती सही खोटी आहे. यंत्र दोन महिने बंद होतं. मला ठाऊक होतं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. शालनबाईंना घटकाभर फार हलकं वाटलं. एकदाचं ओझं उतरलं असं वाटलं.

आई त्यांच्याकडे वळली. मग शांतपणे म्हणाली, "काल सकाळी मी इथेच बाकावर बसले होते, बाई. एवढंच बोलला असतात, तर आहे त्या नाकानिशी मी तिला घरी नेलं असतं."



तात्पर्य: खरं बोलायची वेळ जीव जाण्याआधी असते, नंतर बोललेल्या खऱ्याने फक्त बोलणाऱ्याचं मन हलकं होतं.