पाणी चढतं त्या वाटेने

फार मागे, नदीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं तेव्हा, तिच्या काठच्या पाखरांनी रानाचा नकाशा काढायचं ठरवलं. पूर आला की नकाशा बघून कासवांनी एकेकाला वाचवायचं. काम बिनपैशाचं, पण हौस दांडगी!

बगळेदादांनी वाळूवर चोचीने पाच वर्षांचा बेत मांडला. "यंदा वड-पिंपळ, पुढल्या वर्षी आंबे, मग झुडपं. बिळं पाचव्या वर्षी."

चिंगी उंदरी तरातरा पुढे आली. तिचं बीळ काठालाच, आणि पिल्लांचे डोळेही अजून उघडले नव्हते.

"बगळेदादा, पुरात वडाचं काय जातंय? पाणी आधी आमच्या घरात शिरतं!"

"अगं, पण वरून बिळं दिसतात कुठे?" साळुंकी म्हणाली.

"मग उतरा की खाली! पाय काय शोभेला दिलेत?"

पाखरं हसली नि उतरली. बऱ्याच जणांना चालायची सवय नाही, पोपटराव तर दोनदा कोलमडले.

"तुझं बीळ दाखव, पहिली खूण तिथेच करू," बगळेदादा म्हणाले.

चिंगीने खाली नदीकडे बोट दाखवलं. "माझ्या खाली घूसताई राहते, तिच्याही खाली चिचुंद्री आजी. पाणी चढतं त्या वाटेनेच खुणा करा."

चारच दिवसांनी पाणी चढलं. कासव तिसऱ्या फेरीला चिंगीच्या दाराशी आलं.

"आजी पोचली का हो?"

"पोचली. तुझ्या पिल्लांसाठी जागा झाडत बसलीय. चल, बस लवकर!"