कोलंबियाची माकडं आणि गोदामाय

"डोळ्यात बोट घालतं? आणि दुसरं माकड गप बसतं?"

गोदामायचा मिरच्या चिरणारा हात थांबला.

"बसतं ना, माय! बोट पार पापणीखाली सरकवतं. दुसरं पापणी फडफडवतं, पण जागचं हलत नाही. दोस्ती पक्की आहे का, ते असं बघतात म्हणे."

कॅमेरावाल्यांबरोबर यदुनाथ दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या रानात राहून आला होता. तिथली पांढऱ्या तोंडाची कापुचिन माकडं त्याने मठात येईल त्याला ऐकवली होती. आज मात्र त्याचं काम वेगळं होतं. गावात त्याच्यासाठी मठी बांधून तयार होती. पायांवर डोकं ठेवायला माणसंही तयार होती. अडलं होतं ते त्याच्या गुरूच्या, या म्हातारीच्या, एका 'हो'वर.

आणि म्हातारी बसली माकडांत रमून!

"खातात काय रे?"

"फळं, किडे... खारीची पिल्लं मिळाली तर तीही. लिंबं फोडून अंगाला चोळतात. माय, ते माझ्या मठीचं..."

"लिंबं चोळतात? तुझ्यापेक्षा स्वच्छ आहेत की मेली."

यदुनाथचा धीर सुटला.

"माय, माझा तुझ्यावर विश्वास आहे की नाही, ते आज बघूनच घे. घाल बोट!"

त्याने मांडी ठोकली आणि डोळा ताणून उघडला.

गोदामायने बोट पुढे केलं. तेच, मिरचीचं.

बोट जवळ आलं... अजून जवळ... डोळ्यातून पाण्याची धार लागली. पण पठ्ठ्या हलला नाही.

म्हातारी खो खो हसत सुटली. बोट मागे घेतलं.

"अरे येड्या, हात तरी धू म्हणायचंस!"

"म्हणजे झालो ना पास?" यदुनाथ नाक पुसत फुलला.

"झालास की."

"मग मठी उघडू? लोकांना जवळ करू?"

गोदामाय पुढे सरकली. त्याचा हात धरला, बोट उचललं आणि स्वतःच्या डोळ्यापाशी नेलं. डोळा टक्क उघडा.

"हं. घाल."

यदुनाथ बोट मागे ओढायला लागला.

"नको, माय... लागेल तुला."

तिने हात सोडला नाही. ते बोट उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं.

"नखं काप आधी."