एका बोटावर हलणारा कॉम्प्रेसर

खडकवेलच्या राजेसाहेबांना कॉम्प्रेसर हवा होता, आणि मनासारखा मिळत नव्हता म्हणून सगळ्या संस्थानाची झोप उडाली होती.

झालं होतं असं, की उदाजीराजांना सुतारकामाचा नाद लागला होता. राजवाड्यामागच्या रिकाम्या तबेल्यात त्यांनी कारखाना थाटला. चकचकीत करवती, रंधे, पटाशी, कशाची म्हणून उणीव नव्हती. तिथून आजवर बाहेर पडलेली वस्तू मात्र एकच, एक खुर्ची. तिच्यावर बसायची हिंमत अजून कोणी केली नव्हती. राजांनी तिला हिरवा रंग दिला, तो ओघळून जागोजाग थिजला. दोष ब्रशचा ठरला! आता रंग फवाऱ्यानेच मारायचा, आणि फवाऱ्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर पाहिजे.

पहिला आला तो चाकांवरचा, चांगला धिप्पाड. त्याला पायऱ्या चढवताना दोन पहारेकरी कमरेत वाकले, ते अजून सरळ झालेले नाहीत. मग पिशवीत मावेल असा आणला. त्याने खुर्चीचा एक पाय होईपर्यंत धाप टाकली. त्यानंतरचा दमाचा पक्का होता, पण तो सुरू होताच राणीसाहेब माहेरी निघून गेल्या.

राजे वैतागले. त्यांनी दिवाण रंगोपंतांना फर्मावलं, "कॉम्प्रेसर आमच्या एका बोटावर जागचा हलला पाहिजे. हवा भरताना मध्येच दम खायला थांबता कामा नये. आणि त्याचा आवाज आमच्या कानाला खुपता कामा नये. असाच शोधा!"

"काय अटी आहेत, सरकार! अशा सुचायलासुद्धा राजरक्त लागतं," दिवाणजी म्हणाले, आणि बाहेर येऊन त्यांनी कपाळाला हात लावला.

असा कॉम्प्रेसर जगात नाही, हे राजांना कोण सांगणार? दिवाणजींनी सोपा मार्ग काढला. संस्थानात जिथे जिथे कॉम्प्रेसर दिसला, तिथून तो उचलून आणला. त्यात वेशीजवळ पंक्चर काढणाऱ्या राहीचाही होता. जुना, ठिकठिकाणी डाग दिलेला, पण तिचं पोट त्याच्यावर चालत होतं. दुसऱ्याच दिवशी ती तरातरा दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, माजं यंत्र परत द्या. त्याच्याबिगर माजी चूल पेटत न्हाई."

"सरकारांच्या पसंतीचा मिळेपर्यंत एकही परत जाणार नाही," दिवाणजी मध्येच म्हणाले.

"मग सरकारांच्या पसंतीचा मीच दावते."

राजे सावरून बसले. "तिन्ही अटींत बसणारा?"

"तिन्ही."

"दाखव. बसला तर तुझं यंत्र परत. नाही बसला तर ते भंगारात जाईल, लक्षात ठेव."

राहीने पदर खोचला. "आधी चालवून दावते, मग तुमीच वळखा. ती खुर्ची हितं मागवा."

खुर्ची आली. तिचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता, म्हणून शिपायाला ती धरून उभं राहावं लागलं.

"आता सरकारांनी जरा बोट हलवावं."

राजांनी तर्जनी किंचित हलवली. दरबाराच्या पार टोकाला जाऊन बसलेले रंगोपंत ताडकन उठले आणि जोडे सावरत धावत आले. "आज्ञा, सरकार!"

"दिवाणजी," राही म्हणाली, "ही खुर्ची कशी झालीया?"

"खुर्ची? अगं, हिला खुर्ची म्हणतात होय? काय तो डौल! काय तो रंग! ओघळ म्हणे! ते ओघळ नव्हेत, ती वेलबुट्टी आहे. आणि हा पाय अधांतरी ठेवलाय ना, त्यातच खरं कसब. चारही पाय टेकवणं कोणालाही जमतं, पण सरकारांच्या हाताची नजाकतच वेगळी, विश्वकर्म्याने बघितलं तर हातातली हत्यारं खाली ठेवील, आणि मी तर म्हणतो..."

दिवाणजी म्हणतच राहिले. राजे ऐकत होते. त्यांची मान ताठ झाली, डोळे अर्धवट मिटले, छाती हळूहळू पुढे येऊ लागली. आणखी पुढे आली. शेवटी अंगरख्याचं वरचं बटण ताडकन तुटलं, उडालं आणि घरंगळत राहीच्या पायाशी जाऊन थांबलं. राहीने ते उचललं आणि मुठीत धरलं.

"बघितलं न्हवं, सरकार? एका बोटावर हललं. अजून दम खायला थांबलेलं न्हाई. आन् आवाज सरकारांच्या कानाला खुपला का?"

आता हिचं काही खरं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. राजांनी छातीकडे पाहिलं. बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता. दिवाणजींची वेलबुट्टी शेजारी चालूच होती.

"कसब खरं," राजे सावकाश म्हणाले. "पण यंत्र म्हटलं की ते बंद करायला बटण लागतं. याचं बटण कुठे आहे?"

राहीने मूठ उघडली आणि ते बटण राजांच्या हातावर ठेवलं.

"ते आत्ताच तुटलं, सरकार."

राजे आधी खुदकन हसले, मग असे खदखदून हसले की अंगरख्याचं दुसरं बटणही गेलं. "हिचं यंत्र हिला देऊन टाका! वाड्यातल्या सगळ्या गाड्यांच्या चाकांचं कामही आजपासून हिच्याकडे. आणि बाई, बक्षीस म्हणून ही खुर्चीसुद्धा घेऊन जा."

"सरकार," राही हात जोडून म्हणाली, "चूक काय झाली माजी?"

राजांना पुन्हा हसू आवरेना. खुर्ची परत तबेल्यात गेली. मग हसता हसताच राजांनी बोट हलवलं, आणि रंगोपंत दिवाणांनी "वा, काय न्याय!" म्हणत राहीचा कॉम्प्रेसर वेशीपर्यंत ढकलत नेला.