ब्रिस्तोवोचा अनवाणी दगड

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर ब्रिस्तोवो नावाचं गाव आहे. तिथं बंदराच्या चौकात गुडघाभर उंचीचा एक पांढरा दगड आहे. पर्यटक त्यावर बसून आइस्क्रीम खातात आणि बार्बा यूरे त्यांना उठवतात. बार्बा म्हणजे तिकडचे काका; वय ऐंशी, आवाज खणखणीत. उठवून झालं की ते गोष्ट सांगतात, आणि दर वेळी नव्यानं संतापतात.

इथं व्हेनिसचं राज्य होतं तेव्हा गावात वर्तमानपत्रं नव्हती. दवंडीवाला या दगडावर उभा राहून सांगेल ते खरं. भर पावसात त्यानं ‘ऊन पडलंय’ म्हटलं असतं, तरी गावानं कपडे वाळत घातले असते!

एका हिवाळ्यात गावचं गलबत समोरच्या ओसाड बेटावर फुटलं, असं सांगतात. अकरा माणसं खडकावर अडकली. एका कोळ्यानं ही खबर व्हेनिसनं नेमलेल्या सुभेदाराला दिली. पण सुभेदाराला आपलं तेल जहाजात चढवायचं होतं. गावच्या होड्या बेटाकडे गेल्या, तर पिंपं कोण वाहणार? त्यानं कोळ्याला कोठडीत टाकलं आणि शिमे दवंडीवाल्याकडून पुकारा करवला, ‘गलबत सुखरूप पोचलं.’

गावातल्या लुत्से नावाच्या बाईचा नवरा त्या अकरांत होता. तिला अंगणातून बेटावर धूर दिसत होता. ती दारोदार फिरली.

“अगं, दगडावरून सांगितलंय ना! मेंढपाळ असतील,” शेजारीण म्हणाली.

ओसाड बेटावर मेंढपाळ! डोळे असून आंधळी माणसं! शेवटी लुत्सेलाही वाटलं, आपलीच नजर फसत असेल. तीन दिवस ती थांबली. चौथ्या दिवशी धूर दिसेना, तेव्हा ती एकटीच होडी वल्हवत गेली.

जळण संपलं होतं. अकराही जण गारठून मेले होते. नवऱ्याच्या हाताखालची राख अजून कोमट होती म्हणे.

परत येऊन तिनं भर बाजारात शिमेला गाठलं आणि जोडे काढायला लावले. “चढ. खोटं बोललास ते इथूनच सांग. अकरा नावं घे.”

शिमेनं नावं घेतली. मग लुत्से स्वतः अनवाणी दगडावर चढली. “मला दिसत होतं,” ती म्हणाली, “तरी मी थांबले.”

सुभेदाराचं काय झालं? काही नाही! तेल वेळेवर व्हेनिसला पोचलं. हे सांगताना बार्बा यूरे दातओठ खातात.

आजही दर शनिवारी गावच्या साप्ताहिकाची संपादक अनवाणी दगडावर चढून गेल्या अंकातल्या चुका वाचते. ती उतरली, की ज्यानं काही पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं, त्यानं चढायचं. बहुतेक शनिवारी कुणी चढत नाही. लोक आपापल्या बुटांकडे बघत उभे राहतात, आणि बार्बा यूरे ओरडतात, “एवढ्या गावात कुणालाच काही दिसलं नाही?”