चुका वाचणार कोण?

शिक्षण विभागाचे अधीक्षक नेहेते साहेब बदलीचे तीनशे आदेश पुढ्यात घेऊन गोंधळून बसले होते. हे काम आठवडाभराचं, असं त्यांना वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. लिपिक शबाना तडवींनी मात्र दुपारच्या सुट्टीआधीच गठ्ठा टेबलावर आणून ठेवला होता.

"इतक्यात कसे झाले?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवर मॅक्रो लावला, साहेब. नमुना तुम्ही मंजूर केलेलाच आहे. बटण दाबलं की तुमच्या यादीतलं नाव आणि शाळा त्यात आपोआप भरली जातात."

साहेबांना 'आपोआप' एवढंच कळलं आणि तेच खटकलं. त्या कचेरीत आपोआप झालेलं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"हे चालणार नाही. सगळे पुन्हा हातानं टाइप करा. नाहीतर गोपनीय अहवालात कामचुकार म्हणून शेरा मारीन."

"करते, साहेब," शबानाबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त एक विचारते. मॅक्रोची चूक असली, तर तीनशे आदेशांत तीच असणार. एक वाचला की सापडेल. माझ्या हातच्या चुका प्रत्येक आदेशात निराळ्या. मग सहीआधी तुम्ही तीनशेच्या तीनशे वाचणार ना?"

साहेब गठ्ठ्याच्या उंचीकडे बघत राहिले. आजवर सह्या करताना आपण नेमकं काय वाचत आलो, तेही त्यांना आठवेना.

त्यांनी वरचा आदेश दोनदा वाचला आणि पेनाचं टोपण काढलं. संध्याकाळपर्यंत तीनशे सह्या झाल्या. मॅक्रो म्हणजे काय, हे मात्र त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.