फ्यूजच्या जागी बसलेली तार

यंत्रांच्या पोटातली कुजबुज माणसांना अजून ऐकू येत नव्हती, तेव्हाची गोष्ट. दामूअण्णा सुतारांनी लाकूड कोरणारं यंत्र घरीच जुळवलं होतं. त्याच्या पत्र्याच्या पेटीत मोटरकडे जाणारी एक बारीक पिवळी वायर राहायची आणि तिच्या आधी, वाटेवरच, एक काचेचा फ्यूज.

फ्यूज भारी भित्रा. मोटर जरा अडली की तो उडायचा आणि काम ठप्प. पिवळीला त्याचं हसू यायचं. एका सकाळी फ्यूज तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा अण्णा वैतागले. "किती वेळा बदलायचा याला?" म्हणत त्यांनी त्याच्या जागी तांब्याची जाड तार आवळून टाकली.

दुपारी सागाच्या गाठीत पातं रुतलं. मोटर अडली, गुरगुरली आणि वीज खेचतच राहिली. पिवळीचं अंग तापलं, मग मेणासारखं मऊ पडू लागलं.

"तारेबाई, तुटा हो," ती कळवळली. "मी जळतेय."

"मी तुटत नाही," तार शांतपणे म्हणाली. "म्हणून तर मला इथं बसवलंय."

पेटीतून धूर निघाला. अण्णांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर पिवळीचं टोकाकडचं वीतभर अंग काळं पडलं होतं. त्यांनी तेवढं कापलं, तार उपटून फेकली आणि नवा फ्यूज बसवला.

"तुला भीती वाटते का रे?" पिवळीने हळूच विचारलं.

"वाटते ना," फ्यूज म्हणाला. "तुला वाटायच्या आत वाटते."